खाकरे सर आणि सायलीची उडी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. प्रत्येक शब्दाला माझ्या लेकीला, सायलीला विचारत बसले तर ती सगळं वाचून काढेल, आणि हे तिने वाचायला नको. म्हणून चुका आहेत तशा राहू देते.

मला सरांबद्दल लिहायचं आहे. सर दिसायच्या आधी ऐकू यायचे. घाटकोपरच्या पोहायच्या टँकच्या फाटकाशी मी सायलीचा डबा घेऊन बसलेली असायचे. आतलं काही दिसायचं नाही, पण खाकरणं ऐकू आलं की कळायचं, सर आले. साधं खाकरणं नव्हतं ते. आधी खोल विहिरीत बादली आपटावी तसा आवाज, मग ती बादली वर ओढल्यासारखी घरघर, आणि शेवटी काठावर ठेवल्यासारखा ठक्क. लगेच शिट्टी, आणि शिट्टीबरोबर पोरं धपाधप पाण्यात.

पोरं त्यांना खाकरे सर म्हणायची. सायली घरीसुद्धा तेच म्हणायची. खाकरे सरांनी आज हे सांगितलं, खाकरे सर आज भडकले. आपल्यात काळे असतात, गोरे असतात, टकले असतात, तसे खाकरेही असतील असं मला वाटलं. टँकवर त्यांच्या नावाची पाटी होती, पण ती इंग्रजीत. दोन वर्षं मी त्यांना मनातल्या मनात खाकरेच म्हणत होते. मनातल्या मनात, कारण तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती. साकीनाक्याला एका गाळ्यात खोटी कानातली पुठ्ठ्यावर लावायचं माझं काम. तिथेही दिवसभरात माझा आवाज कुणाला ऐकू येत नाही.

एकदा गणपतीला गावी जायचं होतं. सायली म्हणाली, "आई, सुट्टी तूच माग. मी मागितली तर पोहायला लावून लावून मारतील मला." घरून, असल्फ्यापासून टँकपर्यंत मी एकच वाक्य पाठ करत चालत गेले. सर काठावर उभे, पाण्यात सगळी पोरं. मी पदर सारखा केला आणि सगळं बळ काढून म्हटलं, "खाकरे सर, सायलीला गणपतीची सुट्टी पाहिजे होती."

पाण्यातली सगळी पोरं एकदम खाली गेली. सायली सगळ्यात खाली. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. वर नुसते बुडबुडे येत होते. सर खाकरले आणि म्हणाले, "मंजूर."

घरी सायलीने डोकं धरलं. "आई, वाट लावलीस माझी! पाटकर नाव आहे त्यांचं!"

गावाहून आल्यावर मी टँकचा रस्ताच सोडला. शेवटी सरांनी सायलीबरोबर निरोप पाठवला, आईला बोलावलंय. मला वाटलं, आता पोरीला काढून टाकणार. भीत भीत गेले. सर म्हणाले, "सायलीच्या आई, पाटकर हे नाव मला वडलांकडून फुकट मिळालं. खाकरे मी स्वतः कमावलंय. उद्यापासून डबा घेऊन येत जा, पोरगी उपाशी पोहते." तेव्हापासून मी त्यांना नुसतं सर म्हणते. दोन्ही नावं टाळलेली बरी.

सकाळी उशिरा तिथे बायकांची बॅच असायची. त्यात हंसाबेन म्हणून घाटकोपरच्याच एक जाडजूड, हसऱ्या बाई होत्या. कितीतरी वर्षं शिकत होत्या, पण काठाची दांडी सोडत नव्हत्या. त्यांना खाकरे हे नाव कळलं तेव्हापासून त्या दर गुरुपौर्णिमेला सरांना मेथीच्या खाखऱ्यांचं पाकीट द्यायच्या. "सर, आप के नाम का है," म्हणायच्या. सर गंभीर चेहऱ्याने पाकीट घ्यायचे आणि म्हणायचे, "हंसाबेन, यंदा दांडी सोडा, मग मी तुमच्या नावाचा हंस आणून देतो."

सर मूळचे मालवणकडचे. राग आला की तिकडची भाषा बाहेर यायची. "मेल्या, पोवतंस की टाकी पुसतंस?" हे त्यांचं नेहमीचं. एखादा पोरगा मागे राहिला की म्हणायचे, "तुझ्या मागून निघालेला आंघोळ करून घरी पोचला." पण सायलीला त्यांनी असं कधी म्हटल्याचं आठवत नाही. शाळेने पोरांना टँकवर आणलं होतं, तेव्हाच त्यांनी तिला निवडलं. मला म्हणाले होते, "हिचे पाय बघा. घरी चपला किती झिजवते?" मी मान हलवली. खरंच फार झिजवायची.

सायली कॉलेजात गेली, आणि सरांच्या खाकरण्याने घोळ घातला तो तेव्हा. अंधेरीला कॉलेजांच्या स्पर्धा होत्या. पन्नास मीटरच्या शर्यतीत सरांच्या तीन मुली होत्या, सायली त्यातली एक. आठही जणी उडी मारायच्या ठोकळ्यावर चढल्या. "टेक युअर मार्क्स" झालं, सगळ्या वाकल्या, सगळीकडे शांत. आणि वर प्रेक्षकांत बसलेल्या सरांच्या घशात बादली आपटली. सरांच्या तिन्ही मुली एका वेळी पाण्यात. बाकीच्या पाच जणी ठोकळ्यावर तशाच वाकलेल्या.

पोहण्यात सुटायचा आवाज व्हायच्या आधी उडी मारली की बाद. तिघीही बाद झाल्या. सर धावत खाली पंचांकडे गेले. "चूक माझी आहे, शिक्षा मला करा." पंच म्हणाले, "सर, तुम्ही पाण्यात उतरलाच नाहीत. तुम्हाला बाद कुठून करू?"

पुढच्या स्पर्धेला सर आत आलेच नाहीत, रस्त्यावर उभे राहिले. तर दुसराच घोटाळा. आवाज झाला, बाकीच्या मुली गेल्या, आणि आमच्या तिघी वाकून उभ्याच! आधी खाकरणं ऐकू आलं नाही, म्हणून त्यांच्या पायांना कळेना की निघायचं कसं. सायली सगळ्यात शेवटी पाण्यात गेली आणि तरी पहिली आली. एवढी वेगात होती ती. त्या वर्षी तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली, आणि नंतर थेट परदेशातल्या स्पर्धेसाठी. जगभरातल्या विद्यापीठांची मुलं-मुली तिथे येतात, असं सायलीने मला समजावून सांगितलं. आमच्या चाळीत पेढे वाटले. सायलीचे बाबा टेम्पो चालवतात, त्यांनी टेम्पोला हार घातला.

सर मात्र पेढा हातात धरून बसले होते. म्हणाले, "सायलीच्या आई, तिकडे उडी एकच. आधी मारली तर बाद. उशिरा मारली तर तिकडच्या मुली हिला पुढे जाऊच देणार नाहीत. एवढ्या लांब विमानाने जाऊन पोरगी नुसती ओली होऊन परत येईल. आणि कारण काय, तर माझा घसा." पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झालेला ऐकला.

मग त्यांनी घशावर उपाय सुरू केले. डॉक्टर म्हणाले, घसा लख्ख आहे. ज्येष्ठमध झालं, लवंग झाली, खडीसाखर झाली. एकदा तोंडात पाण्याची गुळणी धरून उभे राहिले, म्हणजे खाकरता येणार नाही. पण त्याच तोंडाने शिट्टी वाजवायची हे विसरले. शिट्टीतून पाणी आणि पाखरासारखा कसला तरी आवाज आला, पोरं हसून हसून ठोकळ्यावरून पडली.

मग शिट्टी महेशकडे दिली. महेश त्यांचा जुना विद्यार्थी, आता टँकवर मदतनीस. महेशने शिट्टी तोंडाला लावली, छाती फुगवली, आणि अगदी सरांसारखा खाकरला. सर ओरडले, "तू कशाला खाकरतोस?" महेश म्हणाला, "सर, शिट्टी मी तुमच्याकडूनच शिकलो ना!" दुसऱ्या मदतनीसाला बोलावलं, तोही खाकरला. सरांनी कपाळावर हात मारला. टँकवर शिट्टी वाजवू शकणारा प्रत्येक माणूस सरांच्याच हाताखालून गेलेला.

तेव्हा त्यांची नजर फाटकाकडे गेली. तिथे मी बसले होते, डबा मांडीवर घेऊन.

"सायलीच्या आई, इकडे या."

मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाची आई आहे का. नव्हती.

शिट्टी हातात देताना सर मला म्हणाले, "तुम्हाला वाटत असेल, म्हाताऱ्याला ही घाण सवय कुठून लागली." ते सांगायला लागले. "इथे बायकांची पहिली बॅच सुरू झाली तेव्हा मी नवीन होतो. बायका लाजायच्या. काठावर टॉवेल लावून बसायच्या. कोपऱ्यावरून एकदम समोर गेलो तर त्यांची तारांबळ. आता नावं घेऊन हाका मारायच्या का? आमच्या गावी वडील माजघरात यायच्या आधी उंबऱ्याबाहेर खाकरायचे. मी तेच सुरू केलं. कोपऱ्यावर खाकरायचं, क्षणभर थांबायचं, मग पुढे जाऊन शिट्टी. बायका निवांत शिकल्या. माझा घसा मात्र ते विसरेना."

माझे सासरेही असेच होते. त्यांचं खाकरणं ऐकलं की मी चुलीपुढून उठून पदर घ्यायची. एवढी वर्षं मी फाटकाशी बसून ते ऐकत होते आणि ऐकलं की माझा हात आपोआप पदराला जात होता, ते का, ते तेव्हा समजलं. मला सरांना हे सांगायचं होतं. पण शिट्टी हातात होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

सर आपली खुर्ची उचलून फाटकाबाहेर जाऊन बसले. सायली ठोकळ्यावर वाकली. महेशने "टेक युअर मार्क्स" म्हटलं आणि स्वतःचं तोंड हाताने दाबून धरलं. मी फुंकलं. नुसती हवा गेली.

"आई, फुंक ना गं!"

परत फुंकलं. परत हवा. फाटकाबाहेरून सरांचा आवाज आला, "सायलीच्या आई, चहा गार करताय काय?"

मला इतका राग आला! सरांचा नाही, सगळ्यांनी हसल्याचा. तिसऱ्यांदा अशी फुंकले की बाहेरचा वॉचमन काठी घेऊन धावत आत आला.

रोज सकाळी गाळ्यावर जाण्याआधी मी शिट्टी वाजवू लागले. पहिल्या आठवड्यात सायली फार चुकली. कधी आधी, कधी उशिरा. मग तिने सूर धरला, आणि मला वाटलं, झालं काम. एक दिवस सर बाहेरून आत आले आणि म्हणाले, "थांबा. ही शिट्टीवर जात नाही. हिला दुसरं काही तरी ऐकू येतंय." माझ्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. शिट्टी तोंडाशी नेली की त्या किणकिणायच्या, आणि सायली त्या आवाजावर निघायला शिकली होती. खाकरणं गेलं आणि बांगड्या आल्या! सायली म्हणाली, "मी मुद्दाम नाही केलं, पायच जातात." हंसाबेननी आपला रुमाल काढून माझ्या मनगटाला घट्ट बांधला. तो तसाच बांधून गाळ्यावर गेले तर सगळ्या जणी विचारायला लागल्या, लागलं काय.

त्यानंतर मात्र सायलीला अंदाज येईना. मी कधी लगेच फुंकायची, कधी कुणी बघतंय असं वाटून अडखळायची, कधी फुंकायला जाऊन पदर सारखा करायची. मी सरांची माफी मागितली. म्हटलं, "सर, मला एकसारखं जमत नाही." सर खूश होऊन म्हणाले, "एकसारखं करूच नका! तिकडचा पंच कुठे एकसारखा आहे? सायलीच्या आई, तुम्ही दर वेळी वेगळ्या लाजता. असा माणूस पगार देऊन मिळणार नाही." माझ्या लाजण्याचं कुणी कौतुक केलेलं ते पहिलंच.

जायच्या आधी शर्यतीचा पोशाख आला. तो एवढासा होता, बाहुलीचा वाटावा. किंमत ऐकून मी खाली बसले. सर म्हणाले, "मी भरलेत, तुम्ही हप्त्याने द्या. हप्ता चुकला तर शिट्टीवर व्याज लावीन." तो घालून बघायचा म्हणून कपडे बदलायच्या खोलीत मी, हंसाबेन आणि सायली गेलो. एक पाय गुडघ्यापर्यंत चढवायलाच घाम निघाला. नखाने फाटतो म्हणून हंसाबेननी हातात मोजे घातले होते. "सायली की मम्मी, खिंचो! अरे, इधर से नहीं, उधर से! सायली, साँस मत ले!" सायली म्हणाली, "साँस नाही घेतली तर पोहू कशी?" बाहेरून सर विचारत होते, "चढला का?" हंसाबेन ओरडल्या, "आधा चढा है सर, आधा हमारे ऊपर चढ़ रहा है!"

सायली गेली. सरांना संघाबरोबर जाता आलं नाही, तिकडे दुसरे प्रशिक्षक होते. शर्यत आपल्याकडे दुपारी होती. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. टँकच्या ऑफिसात महेशने मोबाइल क्लोरीनच्या डब्याला टेकवून उभा केला. बायकांची अख्खी बॅच आली होती. सर सगळ्यात मागे, दाराशी, तोंडात अख्खा खाखरा कोंबून बसले होते.

मी विचारलं, "सर, हे काय?"

त्यांनी खुणेने सांगितलं, खाकरू नये म्हणून.

हंसाबेन म्हणाल्या, "सर, वो परदेस में है. उस को कैसे सुनाई देगा?"

सरांनी भरल्या तोंडाने कसंबसं म्हटलं, "रिस्क नको."

मोबाइलवर मुली आल्या. सायली कडेच्या रांगेत होती, इतकी बारीक दिसत होती की पोशाखाच्या रंगावरून ओळखली. ठोकळ्यावर चढल्या. वाकल्या. ऑफिसात पंख्याचा आवाज तेवढा. माझा हात आपोआप तोंडाशी गेला. मला एकच पाहिजे होतं. जिंकू दे, हरू दे, ती वेळेवर निघू दे.

आवाज झाला आणि सायली सुटली. आधी नाही, उशिरा नाही. आठ जणींत तिची बोटं पाण्याला सगळ्यात आधी लागली. महेशने टेबलावर हात आपटला, मोबाइल पडला, तो उचलून परत टेकवेपर्यंत सगळ्या ओरडत होत्या. आणि त्याच वेळी सरांना खाखऱ्याचा ठसका लागला. साधासुधा नाही. डोळ्यांतून पाणी, तोंडातून चुरा, खुर्चीवरून अर्धे खाली. दोन बायका पाठीवर थोपटत होत्या. ठसक्यामधून ते विचारत होते, "निघाली? निघाली का?"

मी म्हटलं, "निघाली सर. पोचलीसुद्धा."

सायली त्या शर्यतीत पाचवी आली. पुढच्या फेरीत गेली नाही. पण एवढ्या कमी वेळात ती आधी कधीच पोहली नव्हती. महेशने सरांना नंतर चार-पाच वेळा फक्त उडी दाखवली. त्यांनी बाकीची शर्यत बघितलीच नाही. पुन्हा पुन्हा उडी लाव म्हणायचे.

संध्याकाळी सायलीचा फोन आला. म्हणाली, "आई, वाकले ना, तेव्हा असं वाटलं की तू मागे उभी आहेस आणि लाजतेयस. म्हटलं, हिचा भरवसा नाही, ही कधीही फुंकेल. म्हणून कान उघडे ठेवले." मी फोन सरांना दिला. ते नुसते "हं, हं" करत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पोरगी फार बोलते, तुमच्यावर गेली नाही."

सर आता टँकवर नाहीत. गुडघे गेले, निवृत्त झाले. मालवणला जाऊन राहायचं ठरलं. मला कळलं तेव्हा पोशाखाचे दोन हप्ते राहिले होते. सायलीला नोकरी लागली होती, तिने दोन्ही एकदम दिले, आणि ते पाकीट घेऊन मी मुलुंडला त्यांच्या घरी गेले. दारात बांधलेली खोकी, भिंतीवरचं घड्याळसुद्धा उतरवलेलं.

पाटकर वहिनी मला बघून म्हणाल्या, "या, तुमच्यावरच राग आहे माझा. तुमच्या मुलीपायी यांनी ते खाकरणं सोडलं ते सोडलंच. आता स्वयंपाकघरात मागे येऊन उभे राहतात, मला पत्ता नाही. परवा आमटीचं पातेलं हातातून सुटलं माझ्या! एवढी वर्षं मी त्या आवाजावर चहा टाकत होते."

सर म्हणाले, "गावी गेल्यावर गळ्यात घुंगरू बांधतो."

मी पाकीट पुढे केलं. सर घेईनात. म्हणाले, राहू दे. मी तसंच धरून ठेवलं. हात दुखायला लागला तरी खाली केला नाही. शेवटी त्यांनी घेतलं.

मग मला गप्प राहवेना. म्हटलं, "सर, एक सांगायचं राहिलं. तो पोशाख मांडीजवळ केव्हाच फाटला. आम्ही सांगितलं नाही."

"फाटणारच," सर म्हणाले. "पोशाखाचे पैसे कोण घेतंय? मी त्या उडीचे घेतोय."

वहिनींनी पाकीट उघडून पैसे मोजले आणि म्हणाल्या, "पुरे आहेत हो, सगळे फिटले." मग त्या चहा टाकायला आत गेल्या. सर आणि मी खोक्यांमध्ये बसून राहिलो.